लांछित पट: कृष्णधवल शिळाछाप नगरचित्र आणि अधिष्ठानाचा प्रश्न

रंग हा दृश्य जगाला इतका चिकटलेला गुण आहे की तो पूर्णपणे वगळून काढलेल्या चित्रातही पाहणाऱ्याला रस्ता, कमान, गर्दी आणि आकाश तत्काळ ओळखू यावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. नगराचे कृष्णधवल शिळाछाप चित्र पाहताना कोणीही अशी तक्रार करीत नाही की या नगरातील माणसे काळी-करडी का आहेत किंवा आकाशाचा निळा रंग कोठे गेला. रंगाचा अभाव जाणवतो, पण तो दोष म्हणून जाणवत नाही. यातूनच एक जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहतो: अशा चित्रात जगातले काही उणे झालेले असते, की जगावर चढलेले काही उतरवलेले असते? पहिला पक्ष धरला तर कृष्णधवल चित्र ही रंगीत चित्राची अपुरी अवस्था ठरते. दुसरा धरला तर ती विवेकाची, म्हणजे मूळ काय आणि त्यावर आलेले काय हे वेगळे ओळखण्याची, एक रीत ठरते. सोलापुरात या प्रश्नाला विशेष वजन येते, कारण ज्या दोन वस्तूंच्या आधारे भारतीय विचारवंतांनी तो मांडला, त्या वस्त्र आणि पाषाण या दोन वस्तूंभोवतीच या नगराचे ऐहिक व धार्मिक जीवन गुंफलेले आहे.

शिळाछाप म्हणजे दगडावर काढलेल्या चित्राचा दाबयंत्राने कागदावर घेतलेला ठसा. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने 1796 ते 1798 या काळात ही पद्धत सिद्ध केली. तिच्यासाठी सोल्नहोफेन येथील फिकट, अतिसूक्ष्म कणांचा चुनखडक सर्वोत्तम मानला गेला. लाकडी ठशात रेषा उंच ठेवून बाजूचा भाग कोरून काढतात आणि ताम्रपटात रेषा खोल खणतात. शिळाछापात मात्र दगड जवळजवळ सपाटच राहतो, त्यावर उंचही काही नसते आणि खोलही काही नसते. तेल आणि पाणी यांचे वैर हाच तिचा सारा आधार होय. मेण, चरबी, साबण आणि काजळी यांच्या खडूने चित्रकार दगडावर उलटे चित्र काढतो, त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल यांचे मिश्रण फिरवले जाते, आणि मग दगड ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त स्निग्ध भागालाच धरते, पाणी धरलेला भाग तिला नाकारतो. खडूतील काजळीचे काम एवढेच की चित्रकाराला आपण काय काढतो आहोत ते दिसावे. छपाई होते ती चरबीमुळे. म्हणूनच शाई देण्यापूर्वी टर्पेंटाइनने मूळ रेखाटन पुसून टाकतात तेव्हा दगडावर जवळपास काहीही दिसत नाही, तरीही चित्र तेथे संपूर्ण असते, आणि रूळ फिरताच ते जसेच्या तसे प्रकट होते. चित्राची ही दिसेनाशी झालेली पण नष्ट न झालेली अवस्था पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

मराठी मुलुखात ही विद्या फार लवकर आली. मूळचा गोव्याचा मानला जाणारा जोझे एम. गोन्साल्विस हा मुंबईत शिळाछापाचा अवलंब करणाऱ्या पहिल्या चित्रकारांपैकी एक होता आणि त्याची मुंबईची दृश्ये 1826 मध्ये मुंबईतच प्रसिद्ध झाली. गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवरच छापून प्रसिद्ध केली. नगरदृश्य, कालगणना आणि अध्यात्मग्रंथ ही तिन्ही मराठी समाजापुढे छापील रूपात आली ती अशा प्रकारे एकाच दगडी मार्गाने. पुढे पुण्याची चित्रशाळा 1878 मध्ये निघाली आणि राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू होऊन नंतर मळवलीला गेला, तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून देवदेवतांची बहुरंगी चित्रे घरोघर पोहोचली. या इतिहासातील एक श्रमविभाग नजरेत भरतो: रंगाचा मोठा वाटा देवांच्या पदरी पडला, आणि नगरे, इमारती व बाजारपेठा पुष्कळदा काळ्या शाईवरच राहिल्या. याला व्यापारी कारणे अर्थातच होती, कारण प्रत्येक वाढीव दगड म्हणजे वाढीव खर्च, आणि देव्हाऱ्यातील चित्राला गिऱ्हाईक होते तितके रस्त्याच्या चित्राला नव्हते. पण भक्ताची गरजही येथे दिसते. ज्याला देवासमोर उभे राहायचे आहे त्याला देवाचा पीतांबर पिवळाच हवा असतो; ज्याला केवळ पाहायचे आहे, त्याचे रंगावाचून अडत नाही. कृष्णधवल चित्र पूजेच्या फारसे उपयोगी पडत नाही, आणि चिंतनाच्या उपयोगी पडते ते कदाचित त्यामुळेच.

या चिंतनाला नेमकी चौकट देणारा दृष्टान्त चौदाव्या शतकातील अद्वैती आचार्य विद्यारण्य यांच्या ‘पंचदशी’ या ग्रंथात आहे. त्यातील सहाव्या प्रकरणाचे नावच ‘चित्रदीप’ असे आहे, आणि चित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या वस्त्राच्या चार अवस्था सांगून त्याचा आरंभ होतो. धुतलेले, स्वभावतःच शुभ्र असलेले वस्त्र ही ‘धौत’ अवस्था. त्याला अन्नाची खळ देऊन ताठ व गुळगुळीत केले की ‘घट्टित’. शाईने त्यावर आकृतींच्या रेषा ओढल्या की ‘लांछित’. आणि त्या आकृतींत रंग भरले की ‘रंजित’. आत्मतत्त्वाच्याही अशाच चार अवस्था आचार्य मानतात. शुद्ध चैतन्य हे धौत वस्त्रासारखे. मायेने युक्त झालेला अंतर्यामी ईश्वर घट्टित वस्त्रासारखा. सूक्ष्म सृष्टीला व्यापणारा सूत्रात्मा लांछित वस्त्रासारखा. आणि स्थूल विश्व हेच ज्याचे शरीर तो विराट रंजित वस्त्रासारखा. वस्त्र चारही अवस्थांत तेच असते. चित्राला स्वतंत्र अस्तित्व नाही, वस्त्राच्या आधाराने ते भासते. वेदान्ताच्या परिभाषेत वस्त्र हे ‘अधिष्ठान’, म्हणजे ज्याच्यावर भास उमटतो तो आधार, आणि चित्र हा त्याच्यावरील ‘अध्यास’, म्हणजे आरोप.

हा दृष्टान्त सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही. सुताला पाजणी कशासाठी करतात, खळ दिलेले सूत मागावर तुटत का नाही, आणि तीच खळ पुढे धुण्यात निघून गेल्यावर कापड मऊ का पडते, हे येथील पद्मशाली विणकरांच्या आणि गिरणी कामगारांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. 1877 मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून आजच्या चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांपर्यंत या नगराचा निर्वाह वस्त्राच्या अवस्थांवरच चालत आला आहे. खळ वस्त्रात नसते, ती वस्त्राला दिली जाते, आणि दिल्यावर मात्र वस्त्राहून निराळी दिसत नाही: मायेचे लक्षण सांगण्यासाठी आचार्यांनी ज्या व्यवसायाकडे बोट दाखवले, त्याहून समर्पक व्यवसाय शोधूनही सापडला नसता.

आता या चौकटीत कृष्णधवल शिळाछाप कोठे बसते ते पाहता येईल. ते लांछित अवस्थेवर थांबलेले चित्र आहे. रेषा आल्या, छाया आली, आकार एकमेकांपासून वेगळे झाले, पण रंगाने त्यांना स्थूलता दिली नाही. रंजित चित्रात आधारभूत वस्त्राचा मागमूस राहू नये असाच चित्रकाराचा प्रयत्न असतो. आकाश निळे, भिंत पिवळी, पागोटे तांबडे, आणि पांढऱ्या अंगरख्यालाही पांढरा रंग. शिळाछापात मात्र पांढरे काही छापलेच जात नाही. उन्हात न्हालेली भिंत, पाण्यावरची चकाकी, ढगाची कड, माणसाच्या खांद्यावर पडलेला प्रकाश, ही चित्रातील सर्वांत तेजस्वी स्थळे म्हणजे चित्रकाराने ज्यांना स्पर्शही केला नाही असे कागदाचे भाग होत. प्रकाश हा तेथे मूळचाच आहे. चित्रकाराने जे काही केले ते प्रकाश अडवण्याचे काम केले. अद्वैत मतात आत्मा स्वयंप्रकाश आहे, त्याला प्रकाशित करणारे दुसरे काही नाही, आणि नामरूपे त्याला मर्यादित करून दाखवतात, असे जे सांगितले जाते त्याचे इतके शब्दशः उदाहरण दुसऱ्या चित्रप्रकारात क्वचितच मिळेल. जाणकार रसिक अशा चित्रात काळ्याची प्रत पाहतात, खडूच्या दाण्यांतून करड्याच्या किती छटा साधल्या ते मोजतात, आणि ते योग्यच आहे. परंतु कागद कोठे आणि किती मोकळा सोडला आहे, हे पाहणे हाच या चित्राच्या आस्वादाचा गाभा मानला पाहिजे.

विद्यारण्यांचा दृष्टान्त यापुढे आणखी एक सूक्ष्म वळण घेतो, आणि नगरचित्राच्या संदर्भात ते फार मार्मिक आहे. चित्रातील माणसांना चित्रकार वस्त्रे नेसवतो. ती वस्त्रे चित्राला आधार देणाऱ्या खऱ्या वस्त्रासारखी दिसतात, पण ती थंडी निवारू शकत नाहीत, कारण ती वस्त्राचा आभास आहेत. चित्रातील पर्वतादिकांना मात्र असे आभासवस्त्र काढले जात नाही. त्याचप्रमाणे जीवांच्या ठिकाणी चैतन्याचा आभास, ज्याला ‘चिदाभास’ म्हणतात, कल्पिला जातो. माती-दगडांच्या ठिकाणी तो नसतो, जरी दोघांचाही आधार एकच चैतन्य असले तरी. नगरदृश्यात हा भेद रोखठोक दिसतो. इमारती, बुरूज आणि धुराडी उघडी उभी असतात, तर त्यांच्या पायथ्याशी चालणारी इवलीशी माणसे धोतर, लुगडे, पागोटे, टोपी यांनी एकमेकांपासून निराळी झालेली असतात. कोणी श्रीमंत, कोणी हमाल, कोणी परदेशी, हे सारे चार-दोन रेषांच्या कापडावरून ठरते. खऱ्या कागदाने सर्वांना सारखेच धरलेले आहे. भेद उभा केला तो आभासवस्त्राने. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे, सिद्धेश्वर तलावाचे आणि गिरण्यांच्या धुराड्यांचे असे एखादे दृश्य कल्पिले, तर जगाला कापड पुरवणारे नगर आणि त्यातील कोणालाही ऊब न देणारे चित्रातले कापड यांचा विरोध आचार्यांच्या मुद्द्याला आणखी धार आणील.

येथे एक पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजूचा आक्षेप, विचारात घेणे आवश्यक आहे. चित्राला भास म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण चित्र पाहताना होणारे ज्ञान खरोखर भ्रमाच्या जातीचे असते काय? गोन्साल्विसने ज्या काळात मुंबई रेखाटली, त्या काळची किल्ल्याची तटबंदी 1860 नंतरच्या दशकात पाडली गेली. तेव्हाचे नगर आज नाही, चित्र आहे. दोराला साप समजणाऱ्याचा भ्रम जवळ जाऊन पाहताच मावळतो, पण या चित्राच्या कितीही जवळ गेले तरी पाहणाऱ्याला ‘मी फसलो होतो’ असे वाटत नाही, कारण तो कधी फसलेलाच नसतो. नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या शंकुक या काश्मिरी रसमीमांसकाचे मत येथे उपयोगी पडते. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त घेतलेल्या परामर्शावरून ते मत कळते. नटाला पाहून प्रेक्षकाला ‘हा राम’ असे जे ज्ञान होते ते कसले, हे सांगताना शंकुकाने चित्रातील घोड्याचा दाखला दिला. तो घोडा पाहताना ‘हा घोडा आहे’ असे यथार्थ ज्ञान होत नाही, ‘घोडा समजलो, पण नाही’ असे मिथ्या ज्ञान होत नाही, ‘घोडा की आणखी काही’ असा संशय नसतो, आणि ‘हे घोड्यासारखे काहीतरी आहे’ अशी केवळ सादृश्याची जाणीवही नसते. या चौघांहून निराळी अशी एक प्रतीती असते. पुढील टीकाकारांनी, विशेषतः अभिनवगुप्ताच्या गुरूने, भट्टतौताने, या मताची कठोर तपासणी केली, आणि रसाच्या उपपत्तीपुरती ती न्याय्यही असेल. पण चित्रापुरते पाहिले तर शंकुकाचे निरीक्षण अभेद्य वाटते. कृष्णधवल चित्र तर या पाचव्या प्रतीतीचे शुद्धतम उदाहरण होय, कारण रंगाच्या अभावामुळे ते फसवण्याचा प्रयत्नच सोडून देते. प्रत्यक्षाचा दावा न करता प्रत्यक्षासारखे दाखवणे, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे स्वरूप आहे.

मात्र शिळाछापाला वस्त्राच्या दृष्टान्तात पूर्णपणे बसवता येत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. वस्त्रावरील चित्र वस्त्रावरच राहते. शिळाछापाला आधार दोन असतात. चित्र जन्मते दगडावर आणि दिसते कागदावर. अधिष्ठान कोणते म्हणावे? पुसून टाकलेले पण चरबीच्या रूपाने दगडात टिकलेले रेखाटन हे घट्टित अवस्थेतील ईश्वरासारखे आहे, ज्याच्या ठिकाणी सर्व सृष्टी बीजरूपाने, अव्यक्तपणे असते. आणि ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरणे म्हणजे व्यक्त होणे. येथपर्यंत जुळते. पण वेदान्तात ब्रह्म हे जगाचे निमित्तही आहे आणि उपादानही, म्हणजे घडवणाराही तेच आणि ज्यापासून घडले ते द्रव्यही तेच. छापलेल्या चित्रात मात्र दगडाचा कणही उतरत नाही. शिवाय दगडावरचे चित्र उलटे असते, डावे ते उजवे आणि अक्षरे आरशातल्यासारखी. अद्वैताच्या विवरण शाखेने जीव हा ईश्वराचे, किंवा शुद्ध चैतन्याचे, प्रतिबिंब मानला आणि प्रतिबिंब बिंबाहून वेगळे नसते, त्याचे वेगळ्या ठिकाणी दिसणे तेवढे खोटे असते, असे प्रतिपादन केले. शिळाछापात हे गणित उलगडू पाहणारा गोंधळात पडतो: नगर सुलट, दगडावरील चित्र उलट, कागदावरील पुन्हा सुलट. कागद हे प्रतिबिंबाचे प्रतिबिंब आहे, आणि गंमत अशी की दुसऱ्यांदा परावर्तित झाल्यामुळेच ते मूळ नगराशी जुळते. याचे काहीही तात्पर्य काढण्याचा मोह टाळावा. दृष्टान्त हा एका अंशापुरता घ्यायचा असतो असा शास्त्राचाच दंडक आहे, आणि शिळाछापाचा अंश प्रकाशाच्या आणि आधाराच्या प्रश्नापुरताच ग्राह्य आहे. छपाई संपल्यावर तो दगड वाळू-पाण्याने घासून दुसऱ्या चित्रासाठी सिद्ध करतात, हा तपशील प्रलयाची आठवण करून देणारा असला तरी त्यावर सिद्धान्त उभारणे हे कवीचे काम, मीमांसकाचे नव्हे.

दगडाचा प्रश्न सोलापुरात दुसऱ्या वाटेनेही आलेला आहे, आणि ती वाट अद्वैत वेदान्ताची नसून वीरशैव शरणांची, म्हणजे शिवभक्त संतांची, आहे. बाराव्या शतकात, सोन्नलिगे या नावाने हे नगर ओळखले जात असताना, सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदविला, देवालये उभारली आणि अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. त्यांची आणि शरण अल्लमप्रभूंची भेट ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथाच्या परंपरेत विस्ताराने येते. अल्लम तेथे सिद्धरामांना दगडमातीची कामे करणारा वड्डर म्हणून हिणवतात, आणि त्यातून जो संवाद पेटतो त्याचा विषय हाच आहे की बाहेर उभारलेल्या आकारांतून सत्य हाती लागते काय. अल्लमांच्या दृष्टीने देवालय म्हणजे नामरूपात अडकलेले मन. ते तर लांछित अवस्थेवरही थांबायला तयार नाहीत, त्यांना धौत वस्त्राखेरीज दुसरे काही नको. कृष्णधवल चित्राची जी थोरवी वर वर्णिली तिच्यावर हा सर्वांत कडक आक्षेप ठरेल: रंग सोडलात, पण रेषा धरून ठेवलीत, मग सोडले ते काय?

परंतु ती कथा येथे संपत नाही. सिद्धराम शरणांच्या कल्याण नगरीला जातात, आणि तेथे दीक्षेचा प्रश्न निघाल्यावर त्यांचा पक्ष नेमका उलटा होतो. आतले लिंग उमगल्यावर बाहेरचे इष्टलिंग हाती घेण्याची गरज काय, असे आता तेच विचारतात. इष्टलिंग म्हणजे वीरशैव साधकाने देहावर धारण करावयाचे आणि तळहातावर घेऊन पूजावयाचे लहान लिंग. दगडांचा कारागीर म्हणून ज्यांची निर्भर्त्सना झाली त्यांच्यापुढे तेथील शरण चन्नबसवण्णा लिंगधारणेची आवश्यकता मांडतात, आणि अखेर त्यांच्याकडून सिद्धराम दीक्षा घेतात. या प्रसंगाकडे विसंगती म्हणून पाहण्याचे कारण नाही. इष्टलिंग तुळतुळीत काळ्या लेपाचे असते; त्याला चेहरा नसतो, अलंकार नसतात, रंगांचा पसारा नसतो. साधक ते डोळ्यांसमोर धरून त्यावर दृष्टी स्थिर करतो. आकार पूर्णपणे टाकलेला नाही आणि रंजितही होऊ दिलेला नाही, अशी ही वस्तू आहे. अल्लमांच्या प्रश्नाला शरणपरंपरेने कृतीने दिलेले उत्तर ते हेच: दृष्टीला टेकायला काहीतरी लागते, आणि ते जितके कमी बोलेल तितके बरे.

या उत्तराने वाद मिटतो असे मात्र म्हणता येणार नाही. इष्टलिंग कशाचेही चित्र नाही. नगरचित्र मात्र एका विशिष्ट नगराचे, विशिष्ट दिवसाचे, गाड्याघोड्यांचे आणि लोकांचे चित्र आहे, आणि ते कितीही मितभाषी असले तरी पाहणाऱ्याला पुन्हा जगातच नेते. विद्यारण्यांना यात अडचण वाटली नसती, कारण चित्र दिसणे थांबावे अशी त्यांची मागणीच नाही. वस्त्र ओळखले गेले की चित्र दिसत राहिले तरी बाधा नाही, अशी ज्ञान्याच्या व्यवहाराविषयीची त्यांची भूमिका आहे. अल्लमांनी ती मान्य केली असती की नाही, हा प्रश्न वेगळा. सोलापूरने या दोघांपैकी एकाची निवड केलेली दिसत नाही. अल्लमांच्या निंदेचा विषय झालेला तलाव बुजवला गेला नाही, आणि दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो; त्याच गर्दीत असेही अनेक असतात ज्यांच्या गळ्यात इष्टलिंग आहे, आणि रस्त्यावरच्या लिंगाला तेल वाहताना त्यांना कसला संकोच वाटत नाही.